शेजाऱ्याचे मांजर आणि आपली मेथी
(एका खेड्यातील प्रौढ साक्षरता वर्गात निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर दोन बाया माझ्याकडे आल्या. दोघी शेजारणी आहेत. रोज एका कंदिलाएवढ्या जागेत मांडीला मांडी लावून बसतात. एकीची पाटी फुटली तर दुसरी आपली देते. पण त्या दिवशी एक दाराच्या या अंगाला उभी, तर दुसरी त्या अंगाला.

एक म्हणाली, "गुरुजी, हिचं मांजर माझ्या मेथीत रोज घाण करतंय. समदा वाफा उकरून ठेवतंय."

दुसरी म्हणाली, "आवं गुरुजी, मुक्या जनावराला मी काय सांगू? त्याला वाचता आलं असतं, तर 'इथं घाण करू नये' अशी पाटी लिवली असती. मला आता लिवता येतंय."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना माझे हसू मावळले. मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. ती मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. आज सांगणार आहे. त्या गोष्टीत चूक माझी होती. मास्तर चुकला तर त्याने आपली चूक फळ्यावर लिहावी. म्हणजे दुसरे ती करीत नाहीत.

मी काय केले

ही २००९ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा शाळेत मुख्याध्यापक होतो. घरामागे आमचे लहानसे परडे आहे. त्यात माझी बायको मेथी, कोथिंबीर, पालक आणि मुळा लावते. चार वाफे, पण घरची भाजी भागते.

परड्याच्या पलीकडे एक म्हातारी बाई राहत. सारी आळी त्यांना अक्का म्हणे. आपणही अक्काच म्हणू. मालक वारलेले. मुलगे मुंबईला कामाला. घरात अक्का आणि त्यांची मनी, अशी दोघीच. संध्याकाळी अक्का दाराशी बसत आणि मनी त्यांच्या पायाशी बसे. अक्का तिच्याशी बोलत असत. एकट्या माणसाला कोणीतरी ऐकणारे लागते.

त्या वर्षी मनीला आमच्या वाफ्याची चटक लागली. आज बी टाकावे, तर उद्या सकाळी वाफा उकरलेला. बी एकीकडे, माती एकीकडे आणि मधे घाण. एकदा माझी बायको खुरपत होती. तिचा हात नेमका त्या घाणीत पडला. ती रागाने कुंपणाशी गेली आणि अक्कांना वाटेल ते बोलली. अक्काही गप्प बसल्या नाहीत. "मांजर काय तुमचं एकट्याचंच परडं बघून जन्माला आलंय व्हय?" असे म्हणाल्या. दोन्ही घरांची बोलाचाल बंद झाली.

मी शिकलेला माणूस. मी मधे पडून दोघींना समजवायला हवे होते. तसे मी केले नाही. एके दिवशी पहाटे मी मनीला दूध दाखवून धरले आणि पोत्यात घातले. ती मला ओरबाडून गेली. मोटारसायकलवर पोते बांधून मी नदीपलीकडे आठ-दहा मैल गेलो. तिथल्या बाजाराच्या माळावर पोते सोडले आणि मागे न बघता परत आलो. हाताला काय लागले, असे बायकोने विचारले. मी म्हणालो, "बोरीचा काटा."

संध्याकाळी अक्का बशीत दूध घेऊन बाहेर आल्या. "मने, मने" अशा हाका मारू लागल्या. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी त्या कुंपणाशी आल्या. बोलाचाल बंद होती, तरी आल्या. मला म्हणाल्या, "मास्तर, आमची मनी कुठं दिसली का वो?"

मी म्हणालो, "नाही."

मंडळी, तीस वर्षे मी पोरांना 'नेहमी खरे बोलावे' हे शिकवले. आणि माझ्या तोंडून हा शब्द निघाला.

पुढे काय झाले? वाफा वाचला असेल, असे तुम्हाला वाटेल. वाफा वाचला नाही. पंधरा दिवसांत एक दांडगा बोका आळीत येऊ लागला. तो कोणाचाच नव्हता. मनी असताना ती त्याला फिरकू देत नव्हती. आता त्याला रान मोकळे झाले. तोही आमच्याच वाफ्यात बसू लागला. इकडे घरात उंदीर वाढले. आमच्या ज्वारीच्या पोत्यांना भोके पडली. अक्कांनी गाडग्यात राखेत घालून ठेवलेले दुधी-दोडक्याचे बी उंदरांनी संपवले.

म्हणजे मांजर गेले, घाण राहिली, उंदीर आले आणि शेजार गेला. तेव्हा मी विचार करू लागलो. आधी करायला हवा होता, तो नंतर केला.

मांजर वाफ्यातच का बसते?

हे कळले की निम्मे काम झाले. मांजर मुद्दाम कोणाचे वाईट करीत नाही. ते फार स्वच्छ जनावर आहे. आपली घाण उघडी ठेवायला त्याला आवडत नाही. ते खड्डा करते, बसते आणि वरून माती ओढते. त्यासाठी त्याला मऊ, भुसभुशीत आणि कोरडी माती लागते.

आता आपण काय करतो? गावातली वाट तुडवलेली, अंगण सारवलेले, गल्ली सिमेंटची. साऱ्या आळीत भुसभुशीत जागा एकच, ती म्हणजे आपला नुकताच खुरपलेला वाफा. ढेकूळ फोडून, चाळणीने चाळल्यासारखी माती आपणच करतो. मांजराला वाटते, ही सोय आपल्यासाठीच केली आहे.

म्हणून एक मांजर घालवले तर दुसरे येते. जागा तीच आहे. बदल जागेत करायचा असतो.

वाफा कसा राखावा?

दुसरी गोष्ट लक्षात घ्या. भाजी दाट उगवून आली, जमीन झाकली गेली, की मांजर तिथे सहसा बसत नाही. त्याला उकरायला मोकळी माती मिळत नाही. म्हणजे वाफा बारा महिने राखायचा नाही. बी टाकल्यापासून भाजी वीतभर होईपर्यंत राखायचा. मेथीला हे दिवस थोडेच असतात.

त्या दिवसांत असे करा.

बी टाकून पाणी दिले, की वाफ्यावर बोरीच्या किंवा बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या पसरा. काटा मांजराच्या पायाला नको असतो. खालून रोप उगवायला त्याची अडचण होत नाही. भाजी चार-पाच बोटे वर आली, की फांद्या हळूच उचला. लहान मुले तिथे खेळत असतील तर काटे नकोत. त्याऐवजी तुरकाठ्या घ्या. तूर झोडपल्यावर त्या घरात पडलेल्याच असतात. त्यांचे हातभर तुकडे करून वाफ्यात उभे खोचा. दोन काठ्यांत वीतभरापेक्षा कमी अंतर ठेवा. मांजराला वळून बसायला जागा मिळाली नाही, की ते निघून जाते.

वाफा ओला ठेवा. ओली माती मांजराला आवडत नाही. सकाळी आणि तिन्हीसांजेला झारीने किंवा भोके पाडलेल्या डब्याने थोडे थोडे पाणी शिंपडा. मुळे कुजतील इतके नको.

वाफा मोकळा असेल, त्यात काही पेरलेले नसेल, तर तो तसाच भुसभुशीत टाकू नका. वर पालापाचोळा किंवा उसाचे पाचट जाड पसरा. यात दुहेरी फायदा आहे. मांजर बसत नाही आणि जमिनीतली ओल टिकते.

कोणाकडे जुनी नायलॉनची जाळी असेल तर चार खुंट्या ठोकून ती वाफ्यावर ताणून बांधा. सैल सोडू नका. सैल जाळीत मांजर, सरडा, पाखरू अडकून मरते.

यांपैकी एकाही गोष्टीला विकतचा पैसा फारसा लागत नाही.

काय करू नये?

काही लोक वाफ्याभोवती फिनेल टाकतात. काही डांबराच्या गोळ्या टाकतात. हे करू नका. मांजर आपले पाय आणि अंग चाटून साफ करते. पायाला लागलेले फिनेल त्याच्या पोटात जाते. मांजराला ते विषासारखे बाधते. आणि तीच माती आपल्या भाजीची आहे, हे विसरू नका. डांबराच्या गोळ्या लहान मूल खडीसाखर समजून तोंडात घालते.

मिरचीची पूड टाकू नका. ती मांजराच्या डोळ्यांत जाते, आपल्याही जाते, आणि एका पाण्यात वाहून जाते.

उंदराचे औषध भाकरीत घालून ठेवण्याचा विचार तर मनात आणू नका. ती भाकरी मांजरच खाईल असे कोणी सांगावे? कुत्रे खाईल, कोंबडी खाईल, रांगते पोर उचलेल. मग जन्मभर रडावे लागेल.

जुनी माणसे सांगत, की मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते. सोन्याचे मांजर कोणाला परवडणार? म्हणून लोक मांजर मारीत नसत. आज त्या भीतीवर भागत नाही, म्हणून कायदाही माहीत असावा. प्राण्यांचा छळ थांबवण्याचा कायदा १९६० साली झाला. पाळलेले जनावर उपाशी-तहानेले राहील अशा जागी कारण नसताना सोडून देणे, हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. तसेच १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या ३२५ व्या कलमात सांगितले आहे, की कोणी खोडसाळपणे जनावर मारले, त्याला विष घातले किंवा लुळेपांगळे केले, तर पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हे वाचताना मला माझे पोते आठवते.

आणखी एक. मांजर हाताने धरायला जाऊ नका. मला ओरबाडले, ते मी लपवले. हा शुद्ध वेडेपणा होता. कुत्र्यासारखाच मांजराकडूनही रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, माणसाला होऊ शकतो. तो एकदा अंगात उठला, की माणूस सहसा वाचत नाही. म्हणून मांजर चावले किंवा ओरबाडून रक्त आले, तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टर सांगतील तितकी इंजेक्शने पुरी घ्या.

घाणीपासून काय धोका?

हा भाग बायांनी नीट ऐकावा. पुरुषांनी त्याहून नीट ऐकावा.

मांजराच्या विष्ठेतून जंत पसरतात. जंतांची अंडी मातीत राहतात. मातीत खेळणारे मूल हात तोंडात घालते आणि अंडी त्याच्या पोटात जातात.

त्याशिवाय टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक जंतू आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. मांजराने उंदीर किंवा कच्चे मांस खाल्ले, की तो त्याच्या पोटात जाऊ शकतो. मग साधारण एक ते तीन आठवडे तो त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो. ताज्या विष्ठेतून तो लगेच लागत नाही. बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत तो रोग लावण्याजोगा होतो. पुढे ओलसर मातीत तो महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतो.

धडधाकट माणसाला हा रोग झाला तरी बहुधा कळतही नाही. पण बाई गरोदर असताना तिला तो पहिल्यांदाच झाला, तर पोटातल्या मुलाला धोका असतो. गर्भ पडू शकतो. मुलाच्या डोळ्यांना किंवा मेंदूला इजा होऊ शकते.

ऐकून घाबरू नका. प्रत्येक मांजरात हा जंतू नसतो. मांजर नुसते मांडीवर बसले म्हणून रोग होत नाही. मातीचे हात तोंडाला लागले, भाजी न धुता खाल्ली किंवा मांस अर्धे कच्चे खाल्ले, तर होऊ शकतो. म्हणजे तो टाळणे आपल्या हातात आहे.

काय करावे, ते सांगतो. वाफ्यात घाण दिसली, की त्याच दिवशी खुरप्याने भोवतालच्या मातीसकट उचला. विहीर आणि भाजी यांच्यापासून लांब खोल खड्ड्यात पुरा. भाजीच्या खतात टाकू नका. हात साबणाने धुवा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिला सांगू नका. ते काम घरच्या पुरुषाने करावे. त्यात कमीपणा नाही. तिला परड्यात काम करावेच लागले, तर हाताला रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधावी.

आपल्याकडे भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा खातात. खा, पण दोन-तीन पाण्यांतून धुऊन खा. नुसती झटकून खाऊ नका. शिजवलेल्या भाजीला भीती नाही.

मांजर पाळणाऱ्याने काय करावे?

आतापर्यंत मी वाफेवाल्याला सांगितले. आता मांजरवाल्याकडे वळतो. उंदीर आपल्या घरचे मारायचे आणि घाण शेजारी टाकायची, हा हिशेब बरोबर नाही. मांजर आपले, तर त्याची घाणही आपली.

आपल्या परड्यात, छपराखाली पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात, एक खड्डा करा. दोन हात लांब, एक हात रुंद, वीतभर खोल. त्यात नदीची बारीक वाळू भरा. वाळू नसेल तर कोरडी चाळलेली माती भरा. जागा विहिरीपासून लांब असावी. सुरुवातीला त्या मांजराचीच थोडी घाण त्यात आणून पुरा. त्या वासाने मांजर ती जागा आपली समजते. ते तिथे बसू लागले, की रोज एकदा खुरप्याने घाण काढून लांब पुरा. रोज का? मघाशी सांगितले ते आठवा. तो जंतू एका दिवसानंतर रोग लावण्याजोगा होऊ लागतो. शिवाय खड्डा घाण राहिला, तर मांजर तो सोडून पुन्हा मेथीत जाईल. खड्ड्यात लहान मुले खेळू नयेत, म्हणून रात्रीपुरता उघडा ठेवून दिवसा थोडा वेळ झाकला तरी चालतो. मात्र मांजराची सवय बघून झाका.

मांजराला खायला आपल्याच दारात, ठरल्या वेळी द्या. उपाशी मांजर चार घरे हिंडते.

आणि मांजरे वाढू देऊ नका. मांजरी साधारण दोन महिन्यांत विते. एका वेळी तीन-चार पिल्ले होतात. पिल्लू पाच-सहा महिन्यांचे झाले की तेही गाभण राहू शकते. हिशेब तुम्हाला आता येतो, घरी पाटीवर मांडून बघा. मांजराचीही नसबंदी करता येते. आपल्या गुरांच्या डॉक्टरांना विचारा. ती कुठे होते, ते सांगतील. एका घरी एक मांजर शोभते. दहा झाली की ती ना घरची राहतात ना दारची.

बोलावे कसे?

आता सगळ्यांत अवघड काम. काटे पसरणे सोपे आहे, शेजाऱ्याशी बोलणे अवघड आहे.

हात घाणीत पडला, त्या क्षणी कुंपणाशी जाऊ नका. आधी हात धुवा. तो दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या घरी जा. चारचौघांत, पाणवठ्यावर किंवा पारावर बोलू नका. तिथे माणूस आपली बाजू राखायला बोलतो, ऐकायला थांबत नाही.

बसा. पाणी प्या. घरच्यांची चौकशी करा. मग सांगा, "वहिनी, मी वाफ्यावर काटे पसरलेत. तुमच्याकडं थोडी वाळू टाकू या का? मी आणून देतो." आधी आपण काय केले ते सांगितले, की समोरच्याला आपला वाटा उचलायला जड जात नाही.

ऐकणाऱ्यानेही लगेच "आमचं मांजर तसलं न्हाई" म्हणू नये. रात्री आपले मांजर कुठे जाते, हे आपल्याला ठाऊक नसते.

इतके करूनही जमले नाही, तर गावातल्या जाणत्या माणसाला मधे घ्या. आपल्या राज्यात २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तुमच्या गावात तशी समिती असेल, तर तिथे बसून मिटवा. मांजरापायी कोर्टाची पायरी चढू नये. तिथे एका तारखेला जेवढा खर्च येईल, तेवढ्यात दहा वर्षांची मेथी विकत मिळेल.

अक्कांचे काय झाले?

माझी गोष्ट अर्धी राहिली. ती पुरी करतो.

दोन महिने मी रोज संध्याकाळी ती हाक ऐकत होतो. मधल्या काळात मी तीनदा त्या बाजाराच्या माळावर जाऊन आलो. हॉटेलवाल्याला विचारले, मटणाच्या दुकानात विचारले. मनी दिसली नाही. शेवटी एका संध्याकाळी मी अक्कांच्या दारात गेलो आणि सगळे सांगितले.

त्या ओरडतील असे मला वाटले होते. त्या ओरडल्या नाहीत. बराच वेळ बशीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, राग आला, मांजर सोडलं, ते एक जाऊ द्या. पर दोन म्हैनं मी रोज तिला हाका मारत हुते. तुमी आत बसून ऐकत हुता. एक डाव तरी सांगायचं हुतं. मी हाका मारायचं सोडलं असतं."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

पुढे सहा-सात महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचे बरोबरच होते. मी मात्र माझा वाफा काट्यांनी राखला. तो बोका दोन-चार दिवस घुटमळला आणि दुसरीकडे गेला. पहिली मेथी आली, तेव्हा माझ्या बायकोने एक जुडी अक्कांच्या उंबऱ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तिथेच सुकलेली दिसली. पुढच्या वेळी पुन्हा ठेवली. ती जुडी मात्र आत गेली.

पावसाळ्यात अक्का स्वतः कुंपणाशी आल्या. पदरात एक पिल्लू होते. कोणाच्या तरी गोठ्यातून आणलेले. म्हणाल्या, "मास्तर, ह्यो नवा पावना. ह्येला कुठं बसवायचं, ते आधीच ठरवू."

मी त्याच दिवशी नदीची चार घमेली वाळू आणली. त्यांच्या गोठ्याच्या छपराखाली आम्ही खड्डा केला. त्या पिल्लाने पुढे आमच्या वाफ्याला क्वचितच त्रास दिला. दिला, तेव्हा अक्का स्वतः खुरपे घेऊन येत आणि साफ करून जात.

अक्का आता नाहीत. त्यांचे घर बंद असते. त्या मांजराची नातवंडे-पतवंडे आळीत आहेत. वाळूचा खड्डाही आहे. तो आता मी भरतो आणि मीच साफ करतो.

शेवटी त्या दोघींना सांगतो. आज दोघी पुन्हा शेजारी बसल्या आहेत, हे मी मघापासून बघतो आहे. फार बरे वाटले. उद्या एकीने तुरकाठ्या आणाव्यात, दुसरीने वाळू आणावी. मी संध्याकाळी बघायला येतो.

लक्षात ठेवा

१. मांजर भुसभुशीत, कोरड्या मातीत बसते. बी टाकल्यावर वाफ्यावर काटे किंवा तुरकाठ्या लावा. वाफा ओला ठेवा.

२. घाण रोजची रोज काढा. हात साबणाने धुवा. भाजी दोन-तीन पाण्यांतून धुवा. गरोदर बाईला हे काम सांगू नका.

३. विष, फिनेल, डांबराच्या गोळ्या वापरू नका. मांजर पोत्यात घालून सोडू नका.

४. मांजर पाळले, तर त्याच्यासाठी वाळूचा खड्डा करा.

५. राग शांत झाल्यावर शेजाऱ्याच्या घरी जाऊन बोला. आपण चुकलो असू, तर ते आधी सांगा. उशीर करू नका.